हात तुमचे, तोंड माझं

"शेवटचं काय बोलला तो माझ्याबद्दल? आत्ताच्या आत्ता सांग मंदे, नाहीतर मी या उंबऱ्यावरनं हलायची नाय!"

अहो, तुमची अक्का. पायात चप्पल तशीच, एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा कमरेवर. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी म्हणे लाजून अर्ध्यातच थांबली. तुम्हाला जाऊन आठवडा व्हायचाय अजून. सतरंजीवर तुमच्या कंपनीतले दोघंतिघं माना खाली घालून बसलेले, आपला निखिल त्यांना पाणी देतोय, आणि सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. साहजिकच आहे. या घरात कुणाला काही विचारायचं असलं की लोक माझ्याकडेच बघतात. तुमच्याकडे बघून कुणाला काय मिळालंय आजवर? फार तर एक गरम भाकरी.

तुम्ही गेलात त्या दिवशी अक्का आली होती, पण एक अक्षर बोलली नव्हती. तुमच्या पायांशी बसली, उठली, गेली. तो सगळा आवाज तिनं बदलापूरच्या पलीकडे, आपल्या गावी नेऊन साठवला आणि आज पोत्यातून आणल्यासारखा माझ्या दारात ओतला.

आणि मी गप्प. हो, मी! तुम्ही असतात तर थर्मामीटर आणला असतात.

लोकांना वाटलं, बाई दुःखानं मुकी झाली. तुम्हाला खरं कारण माहीत आहे. तुम्ही माझं तोंड बांधून गेलात. तेव्हा आता तुम्हीच ऐका, कारण एवढं सगळं ऐकून घेणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही. तुम्ही ऐकत होतात की नुसतेच कांदा चिरत होतात, हे मला अजून कळलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आपल्या घराची वाटणी कशी झाली, ते आठवतंय? कुणी बसून ठरवलं नव्हतं. तुम्ही अंबरनाथ एमआयडीसीत लेथ मशीनवर टर्नर, कायमची पहिली शिफ्ट. दुपारी शेअर रिक्षानं घरी. मी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये साड्यांच्या दुकानात काउंटरवर. संध्याकाळी गिऱ्हाईक तुंबायचं तेव्हा मी तिथे, आणि भूक लागायची तेव्हा तुम्ही इथे. मग चूल कुणाची, हे सांगायला पंच कशाला हवेत? आमचे शेठ म्हणायचे, "मंदा, साड़ी तो सब बेचते हैं साईं, तू कहानी बेच." मी बेचायचे. "ताई, ही साडी फाटायच्या आधी तुमचा नवरा म्हातारा होईल." बाई म्हणायची, "माझा आत्ताच म्हातारा आहे." "मग काय बघता? जन्माची पुरेल!" तिथे शिकलेली विद्या मी घरी आणली. तुम्ही कंपनीतली आणलीत.

आपलं स्वयंपाकघर म्हणजे तुमचं वर्कशॉप. झारे, पळ्या, चमचे भिंतीवर मापानं टांगलेले, जसे कंपनीत नट आवळायचे पाने टांगतात तसे. तांदळाची भाकरी तर अशी गोल, की शेजारच्या नेहाचा कंपास हरवला तेव्हा तिनं भूमितीचं वर्तुळ तुमच्या भाकरीवरून काढलं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले. वहीला तेवढं पीठ लागलं. नेहाची आई हे मान्य करत नाही. पण ती काहीच मान्य करत नाही.

आणि अक्का पहिल्यांदा राहायला आली तो दिवस! तुम्ही परातीपुढे, कोपरापर्यंत पीठ, आणि मी पायावर पाय टाकून फोनवर. अक्का दारातच थिजली. "आमच्या बाळूला चुलीला लावलास?" तुम्ही काय बोललात? काही नाही. भाकरी उलटलीत. आग मात्र माझ्याकडे आली. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "अहो अक्का, हौसेनं का लावलंय? मशीनवर काम करून यांच्या हाताच्या शिरा आखडल्यात. डॉक्टर म्हणाले, रोज पीठ मळायचं, नाहीतर बोटं उघडायचीच नाहीत." अक्काच्या डोळ्यांत पाणी. तुमचा हात हातात घेऊन तिनं बोटं मोजली. गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं. मी तर ऐकलंय, की त्या गावात पुढे वर्षभर शिरा आखडलेले पुरुष पीठ मळत होते आणि बायका ओट्यावर बसून चहा पीत होत्या. आजही तिथे बायका मला बघून उठून उभ्या राहतात.

तुम्ही मात्र रात्रीच्या जेवणाला म्हणालात, "कशाला खोटं बोललीस?"

बघा. इथपासून आपलं भांडण आहे.

तुम्हाला ते खोटं वाटलं. मला ते काम वाटलं. तुमच्या बहिणीला राग न येता, तुमचा कमीपणा न होता, माझ्या माहेराचा उद्धार न होता ती दुपार सरकली, ती काय आपोआप सरकली? तुमचं बरं होतं हो. भाकरी केली की ती दिसते. टोपल्यात असते, वाफ येते, लोक म्हणतात "वा!" मी एखाद्याचा रुसवा काढला तर दिसतं काय? न झालेलं भांडण कुठल्या ताटात वाढायचं?

कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाला फोन करून झालाय आणि कुणाला राहिलाय, कुणासमोर कुणाचं नाव काढायचं नाही, निखिल कॉलेजातून येऊन "काही नाही" म्हणाला म्हणजे नक्की काय झालंय, तुम्ही डबा ओट्यावर ठेवताना आवाज झाला म्हणजे सुपरवायझर काय बोलला असेल, हे सगळं मी डोक्यात वागवायचे. वर आणखी हसत बोलायचं. आणि तुम्ही कढईत झारा फिरवत म्हणायचात, "तुझं काय, तू नुसतं बोलतेस."

नुसतं! हा शब्द तुम्ही इतक्या वेळा वापरलात, की तेवढ्यात दुसऱ्यानं डिक्शनरी संपवली असती.

म्हणून निखिलच्या लग्नात मी म्हटलं, चला, होऊन जाऊ द्या. हळदीपुरती अदलाबदल. बोलणं तुमच्याकडे, चूल माझ्याकडे. तुम्ही एका क्षणात "चालेल" म्हणालात, इतकं सोपं वाटलं तुम्हाला.

माझ्या अर्ध्या भागाबद्दल मी फार बोलणार नाही. मी केलेला भात गॅलरीत टाकला तर कबुतरांनी एकदा वास घेतला आणि कायमची पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेली. पण भात फसला तर हॉटेल आहे. तुमचं जे फसलं त्याला हॉटेल नव्हतं.

तुमच्याकडची रीत तुम्हालाच सांगायची म्हणजे कमाल आहे. घरात हळद असली की मोठ्या बहिणीला आणायला भावानं स्वतः जायचं. हातात नारळ न्यायचा. तिच्या ओटीवर बसायचं. ती म्हणणार, "मला नाय जमायचं, माझ्या म्हशीचं कोण बघेल?" आपण म्हणायचं, "तुझ्याशिवाय हळद लागायची नाही, चल." ती परत नाही म्हणणार. आपण परत चल म्हणायचं. मग चहा येणार. आणि मग ती आत जाऊन सकाळपासून काढून ठेवलेली साडी नेसणार. म्हैस वारून दहा वर्षं झालीत, पण तिचं नाव घ्यावंच लागतं.

तुम्ही काय केलंत? तुम्ही रिक्षा पाठवलीत.

साधीसुधी नाही हं. अख्ख्या स्टँडवरची सगळ्यात चांगली रिक्षा निवडलीत. सीटचं कव्हर नवं. अक्काच्या पाठीला म्हणून घरची उशी ठेवलीत. पाण्याची बाटली ठेवलीत. रिक्षावाल्याला बजावलंत, गुडघे दुखतात तिचे, खड्ड्यांतून हळू आण. त्या रिक्षात सगळं होतं, तुम्ही सोडून. तुम्ही इकडे मंडपात पातेल्यांवर झाकणं बसतात की नाही ते बघत होतात.

पुढचं मला त्या रिक्षावाल्यानं सांगितलं, आणि मी त्यात घालायचं तेवढं घालून सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. पण तुम्हाला मूळचंच सांगते. अक्का ओटीवर बसलेली, नवी साडी नेसून. म्हणजे आधीच नेसून! तो हॉर्न वाजवून म्हणाला, "मावशी, चलो, अंबरनाथ."

"न्यायला कोण आलंय?"

"मैं आया ना."

"तू माझा भाऊ काय रं?"

तो बिचारा म्हणाला, "आज के दिन समझ लो."

अक्कानं त्याला ओटीवर बसवला, चहा दिला, बशीत दोन बिस्किटं दिली आणि रिकामा परत पाठवला. तुमच्या वाटणीचा चहा तो पिऊन आला. उशी मात्र तिनं ठेवून घेतली.

रिकामी रिक्षा मंडपासमोर उभी राहिली तेव्हाचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. मला टोमणा मारायचा होता. जिभेवर तयार होता, चांगला धारदार. पण तुम्ही त्या सीटकडे बघत म्हणालात, "गाडी तर पाठवली होती." तुम्हाला खरंच कळलं नव्हतं. माप बरोबर, माल बरोबर, तरी तुमच्या मशीनवर होतो तसा जॉब रिजेक्ट. मी टोमणा गिळला. माझ्यासारख्या बाईनं टोमणा गिळणं म्हणजे काय असतं, ते फक्त मला माहीत. चार दिवस जेवण गेलं नाही.

अक्का लग्नाला आली, अक्षता टाकल्या आणि पाणीही न पिता गेली. त्यानंतर तुम्हा दोघांचं बोलणं बंद. म्हणजे तुमचं तसं सुरू कधी होतं म्हणा. पण आता अधिकृत बंद.

मग पोस्ट ऑफिस कोण? मीच.

दर आठवड्याला अक्काला फोन. तुम्ही समोर शेंगा सोलत बसलेले. अक्का विचारायची, "तो काय म्हणतो?" मी तुमच्याकडे बघायचे. तुम्ही म्हणायचात, "मीठ संपलंय." मी फोनमध्ये सांगायचे, "म्हणतायत, अक्काच्या हातच्या वालाच्या बिरड्याची सारखी आठवण येते." फोन ठेवला की तुम्ही विचारायचात, "काय म्हणाली?" ती म्हणालेली असायची, "जिवंत हाय ना?" मी सांगायचे, "तब्येतीची चौकशी करत होत्या." यात खोटं कुठे आहे, सांगा? मी फक्त वाढवून वाढलं.

आणि एक दिवस बिरड्याचा डबा आला. गावाहून कुणाच्या तरी हाती, फडक्यात बांधून. तुम्ही झाकण उघडलंत. वास घेतलात. म्हणालात, "मी कधी म्हटलं होतं?"

"म्हटलं नाहीत. पण खाल ना?"

तुम्ही खाल्लंत. वाटी पुसून खाल्लंत. मग हात धुवून माझ्यासमोर येऊन बसलात आणि विचारलंत, "मंदा, हे तू सगळ्यांसाठी करतेस? माझ्या नावानं? निखिललाही?"

"मग काय तर. 'बाबांना तुझा अभिमान वाटतो,' हे त्याला दहावीपासून कोण सांगतंय असं वाटलं तुम्हाला?"

तुम्ही ओले हात लेंग्याला पुसलेत. मग म्हणालात, "दमत नाहीस?"

अहो, इतक्या वर्षांच्या संसारात मला लोकांनी काय काय विचारलंय. तोंड दुखत नाही का, देवानं जिभेला हाड का नाही दिलं, हिला रेडिओवर का नाही घेत. पण हे कुणी विचारलं नव्हतं. मला या प्रश्नाचं एकही रंगीत उत्तर सुचलं नाही. काउंटरवरचं नाही, घरचं नाही. मी म्हटलं, "दमते."

त्यावर तुम्ही काही केलं नाहीत. डोक्यावरून हात फिरवला नाहीत, मिठी नाही, काही नाही. उठलात, चहा टाकलात. मी आयुष्यात प्यायलेला तो सगळ्यात चांगला चहा, आणि या वाक्यात मी काहीही वाढवलेलं नाही.

तिथेच गोड मानून संपलं असतं तर आपण आपण कसले? दुसऱ्या दिवशी तुम्ही तव्यावरची भाकरी उलटताना म्हणालात, "अक्काचं माझ्याकडे दे. आता माझ्या नावानं तिला काही सांगू नकोस. माझं मी बोलेन."

मी हसले. इतकी हसले, की नेहाची आई बघायला आली. "तुम्ही? 'कशी आहेस' विचारायला तुम्हाला दोन शिफ्ट लागतील. तुम्ही बोलून ठेवणार आणि मी निस्तरत बसणार."

"निस्तरू नकोस."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडू दे. माझं बिघडेल."

यावर आपण किती भांडलो! म्हणजे मी भांडले. मला राग कसला आला, तो तेव्हा कळला नाही. आता कळतोय. इतकी वर्षं मीच ओरडत होते ना, की जरा उचला हे ओझं माझ्या डोक्यावरचं. आणि तुम्ही खरंच हात पुढे केलात, तर मी टोपली घट्ट धरली. कुणी उचलू लागलं की डोकं कसं मोकळं मोकळं, उघडं पडल्यासारखं वाटतं हो. सवय नसते.

मग तुमची तयारी सुरू झाली. मला कळत नाही असं समजून! सकाळी गॅलरीत कढीलिंबाच्या कुंडीसमोर उभे राहायचात, फवारा हातात. मी पडद्यामागे. "अक्का," एवढं म्हणायचात आणि थांबायचात. पाणी मारायचात. परत "अक्का." त्या कढीलिंबाला इतकं पाणी मिळालं, की पानं तळहाताएवढी झाली. एकदा तुम्ही पुढे गेलात. "अक्का, ते रिक्षाचं…" एवढं ऐकलं मी, आणि मेला आपला कुकर वाजला. तुम्ही गॅस बंद करायला धावलात. वाक्य तिथेच राहिलं. मग एक दिवस नारळ आणून ठेवलात, 'येत्या रविवारी अक्काकडे जातो' म्हणालात, आणि रविवार यायच्या आधीच गेलात.

ते वाक्य मला माहीत नाही. हे मला पचत नाहीये. दिवसाला पन्नास वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडी घालणारी बाई मी, आणि तुमचं एक स्वतःचं वाक्य, तुम्ही घासून पुसून तयार केलेलं, तेवढं माझ्याकडे नाही. अंदाज करता येईल. तीन-चार चांगले करून ठेवलेतही. पण ते माझे आहेत. माझ्या वाक्याला लगेच फुलं येतात. तुमचं तसं नसणार. तुमचं भाकरीसारखं असणार, साधं आणि बरोबर मापाचं.

घर चाललंय. निखिल भात लावतो. तुमच्याकडून नुसता बघून बघून शिकला. त्याची बायको ऑफिसातून येईपर्यंत कणीक मळलेली असते, आणि त्याच्या शिरा अगदी ठणठणीत आहेत, मला कुणाला काही सांगावं लागत नाही. पळ्या मात्र तो उलट्यासुलट्या टांगतो. मी त्या परत मापानं लावते, मग मला हसू येतं, मग दुसरं काहीतरी येतं, मग मी नळ सोडते.

तर अक्का दारात उभी होती.

"काय गं, तोंड शिवलंस काय? सांग की! इतके दिस सांगत होतीस ना, बाळू असं म्हणतो, बाळू तसं म्हणतो. मग शेवटी काय म्हणाला?"

तुम्हाला सांगते, माझ्याकडे तयार होतं. असं वाक्य होतं, की अक्कानं त्यावर उरलेलं आयुष्य काढलं असतं. कंपनीतले लोक डोळे पुसत उठले असते. तुमचं नाव झालं असतं. बोलायला एक श्वास पुरला असता, आणि ती समाधानानं घरी गेली असती. आणि माझ्यासमोर तुम्ही, तव्यापाशी, पाठमोरे. माझं मी बोलेन. माझं बिघडेल.

तिला रिकाम्या हातानं परत पाठवायचं आणि तुमचा शब्द ठेवायचा, की तिची ओंजळ भरायची आणि तुम्ही इतक्या कष्टानं उचललेलं ते एक काम परत तुमच्या हातातून काढून घ्यायचं? माझ्या उभ्या आयुष्यात बोलायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"अक्का," मी म्हटलं, "शेवटी ते काही बोलले नाहीत. वेळच मिळाला नाही. पण येत्या रविवारी ते तुमच्याकडे येणार होते. एकटे. स्वतः रिक्षात बसून. नारळ आणून ठेवला होता. काय बोलणार होते, ते मला सांगितलं नाही त्यांनी. आणि आधीचं जे जे मी तुम्हाला सांगत आले, ते सगळं मीच बोलत होते."

निखिलनं पुढे होऊन अक्काच्या हातातली पिशवी घेतली. अक्कानं चप्पल काढली. भिंतीला धरून हळूच खाली बसली, गुडघे लांब केले, पदरानं तोंड पुसलं. आवाज एकदम साधा, बाजारातल्या गप्पा माराव्यात तसा.

"रविवारी मी घरी गावले नसतेच त्याला," ती म्हणाली. "मीच इकडं यायला निघणार होते."